अकरा गुंठे, अकरा नावं

पुण्याच्या आसपासच्या गावांत एक ठरावीक सातबारा नेहमी बघायला मिळतो: क्षेत्र अकरा गुंठे, खातेदारही अकरा. भाऊबंदकीचा संबंध नाही, आडनावं सगळी वेगळी. जागेवर प्रत्येकाच्या गुंठ्याभोवती चुन्याची रेघ असते, एखाद्याने पत्रेही ठोकलेले असतात. कागदावर मात्र सगळं सामाईक. एकाला कर्ज काढायचं झालं की बाकीच्या दहा जणांच्या सह्यांसाठी फिरायचं.

ही तऱ्हा तुकडेबंदीची, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीची देणगी. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त मोलाची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत दस्त हवा, हा दंडक १८८२ च्या कायद्याचा. शेतजमिनीला वेगळी वेसण घातली ती १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने. प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून लहान तो ‘तुकडा’, आणि तो विकायचा तर लगतच्या खातेदारालाच. हेतू चांगला होता. पण शहरं पसरत गावांच्या शिवारात घुसली, तेव्हा घरापुरता गुंठा मागणाऱ्याचा विचार त्या कायद्यात कुठेच नव्हता.

खरा गोंधळ नोंदणी खात्याच्या १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने उडवला. दोन एकरांच्या गटातले एक-दोन गुंठे विकायचे तर आधी रेखांकन (भूखंडांचा नकाशा) मंजूर करून आणा, नाहीतर दस्त नोंदवला जाणार नाही, असा त्याचा मथितार्थ. व्यवहार थांबले नाहीत. ते नोंदणी टाळून नोटरीच्या कागदावर गेले, किंवा एकत्र घेतलेलं क्षेत्र ‘तुकडा’ ठरू नये म्हणून अकरा नावांत लपले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे परिपत्रक आणि त्यामागचा नोंदणी नियम, दोन्ही रद्द केले. अनेकांनी याचा अर्थ ‘तुकडेबंदी उठली’ असा लावला. एजंटांनी तर तो मुद्दाम लावला. प्रत्यक्षात निकाल दस्त नोंदवण्यापुरता होता, १९४७ चा कायदा जागच्या जागी होता. खरेदीखत झालं, मुद्रांक शुल्क भरलं, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) हातात आला आणि तलाठ्याकडे गेल्यावर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावणं, अडला, असं अनेकांचं झालं. सरकारनेच शुल्क घेऊन नोंदवलेला दस्त सरकारचंच दुसरं खातं मानत नाही, हे सामान्य माणसाला कसं पटावं? एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका नियमाबाबत सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की विकणाऱ्याची मालकी तपासणं हे दुय्यम निबंधकाचं, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याचं काम नाही. मग ते तपासायचं कोणी? खरेदीदाराने, स्वतःच्या खर्चाने.

दरम्यान ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. जुने व्यवहार नियमित करायची वाट २०१७ पासून होती, पण बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरायला कोण पुढे येणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. वर्षभराने शहरी आणि बिगरशेती वापराच्या पट्ट्यांत, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ दरम्यानच्या व्यवहारांसाठी, तीही माफ झाली. नोटरीवाल्यांनी मात्र आधी मुद्रांक भरून दस्त नोंदवायचा आहे.

अकरा नावांच्या त्या सातबाऱ्यात नियमित करण्यासारखं काही नाही, कारण तो व्यवहार कायद्यात बसवूनच केलेला. तिथे राहिली आहे ती वाटणी.