घारापुरी: तीन बंदरांच्या बेटाची जडणघडण

घारापुरी म्हणजे मुंबई बंदरातलं, गेटवे ऑफ इंडियापासून साधारण १० किलोमीटरवरचं छोटं बेट, बाहेरच्या जगात याला एलिफंटा म्हणतात. मुंबई समोर दिसत असली तरी बेट येतं रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात, त्यामुळे सरकारी कागदाचं काम निघालं की उरण गाठायचं आणि धंद्यासाठी गेटवेकडे बघायचं, अशी इथल्या लोकांची पहिल्यापासूनची दोन्हीकडची ओढाताण. लेणी बघायला जगभरातून लोक येतात, पण इथे ग्रामपंचायत आहे, हजार-बाराशे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. ही नोंद त्या वस्तीबद्दल आहे, लेण्यांचं लागेल तेवढंच.

बेटावर दोन डोंगर आणि मधे दरी. काठाला तीन वस्त्या: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. (मोराबंदर आणि उरणजवळचं मोरा ही दोन वेगळी ठिकाणं, नवख्या माणसाचा इथे हमखास घोळ होतो.) पर्यटकांच्या बोटी लागतात त्या शेतबंदरला, त्यामुळे दुकानं, हॉटेलं, वर्दळ सगळी तिकडेच, राजबंदर आणि मोराबंदरकडे फारसं कोणी फिरकत नाही. ओहोटी लागली की चिखल आणि तिवरांची झाडं उघडी पडतात आणि बेट एकदम मोठं दिसायला लागतं. वस्ती मुख्यतः आगरी आणि कोळी, जुने धंदे भातशेती आणि मासेमारी.

वस्ती किती जुनी हे ठामपणे सांगणं अवघड, पण इथला माणसांचा वावर जुना आहे. पूर्वेकडच्या डोंगरावर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत आणि पश्चिमेकडची मोठी शैव लेणी अभ्यासक साधारण सहाव्या शतकातली मानतात. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या शिलालेखात कोकणच्या मौर्यांच्या 'पुरी' नावाच्या नगरीवर चालुक्यांनी स्वारी केल्याचं येतं, ती पुरी हीच असं काहींचं मत, तर काही जण जंजिऱ्याजवळच्या राजापुरीकडे बोट दाखवतात, वाद मिटलेला नाही. एक मात्र खरं की एवढी लेणी कोरायची तर कारागीर, त्यांची जेवणखाणं, पाणी, होड्या हे सगळं लागलं असणार, म्हणजे बंदर तेव्हाही चालतं असणारच.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाबरोबरच्या वसईच्या तहानंतर हा भाग पोर्तुगीजांकडे गेला. राजबंदरच्या बाजूला त्यांना दगडात कोरलेला भलामोठा हत्ती दिसला आणि त्यावरून त्यांनी बेटाचंच नाव एलिफंटा करून टाकलं. त्या हत्तीचं पुढे जे झालं ते वाचून वाईट वाटतं. १८१४ च्या सुमारास त्याची मान तुटून डोकं खाली आलं, मग १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना साखळ्या तुटल्या आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये नेले, १९१४ मध्ये जोडून उभे केले आणि आज तो तिथेच, म्हणजे राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे ज्याच्यामुळे बेटाला जगात नाव मिळालं तोच बेटावर नाही. गावातल्या लोकांनी मात्र घारापुरी हे नाव कधी सोडलं नाही.

बेट १७७४ पासून इंग्रजांकडे. बंदराच्या तोंडाशी मोक्याची जागा म्हणून त्यांनी डोंगरावर तोफा बसवल्या, त्यातल्या दोन अजून वर आहेत, त्या टेकडीला सगळे कॅनन हिलच म्हणतात. गावासाठी म्हणावं असं या काळात फारसं काही झालेलं दिसत नाही.

१९८७ मध्ये लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली आणि पर्यटन हाच मुख्य धंदा होऊन बसला. जेट्टीपासून पायथ्यापर्यंत छोटी ट्रेन, तिथून वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगाला ताडपत्रीखाली स्टॉल, माळा, दगडी मूर्ती, टोप्या, काकडी, कैरी. ज्यांना चढवत नाही त्यांना गावातली चार माणसं डोलीत, म्हणजे दांड्यांना बांधलेल्या खुर्चीत बसवून, खांद्यावरून वर नेतात. नऊवारी नेसून डोक्यावर कळश्यांची उतरंड घेतलेल्या बायका फोटोसाठी उभ्या राहतात, फोटोचे पैसे घेतात. सोमवारी लेणी बंद, म्हणून सोमवारी कमाईही जवळपास बंद. पर्यटकांना रात्री राहायची परवानगी नसल्यामुळे लॉजिंगचा धंदाही इथे उभा राहू शकला नाही.

विकासाची सगळ्यात मोठी घटना विचाराल तर ती वीज. बेटावर कायमची वीज आली २०१८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी! त्याआधी डिझेल जनरेटर, तोही संध्याकाळचे तीनेक तास, तेवढ्यात मुलांचा अभ्यास, मोबाईल चार्जिंग, टीव्ही, जे काय असेल ते उरकून घ्यायचं. फ्रिज घेऊन उपयोग नाही, बर्फ बोटीने आणायचा. आणि पूर्वेला न्हावा-शेवाचं बंदर १९८९ पासून सुरू, तिथल्या क्रेनचे दिवे रात्रभर लखलखतायत, पश्चिमेला अख्खी मुंबई उजळलेली, आणि मधे हे गाव अंधारात. महावितरणने शेवटी साडेसात किलोमीटरची केबल समुद्राच्या तळातून टाकली, साधारण २५ कोटी खर्च आला आणि तिन्ही वस्त्यांना ट्रान्सफॉर्मर बसले. शहरात लाईट दहा मिनिटं गेली की आपण हैराण होतो, म्हणून या एका गोष्टीचं मोल नोंदीत नीट यायला हवं.

घरांचा प्रश्न मात्र तसाच अवघड आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही, त्यात किनाऱ्यासाठीचे सीआरझेडचे नियम वेगळे. वारसा जपलाच पाहिजे, पण घरात माणसं वाढली, मुलगा वेगळा राहायचा म्हणाला तर खोली काढायची कुठे, हा प्रश्न इथल्या माणसाच्या रोजच्या जगण्यातला आहे आणि नियम करताना त्याचाही विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पाण्यासाठी पावसाचं साठवलेलं पाणी, छोटं धरण आणि विहिरी, त्यामुळे उन्हाळ्यात जपून वापरावं लागतं. शिकायचं म्हटलं तर थोडं वरच्या वर्गात गेलं की मुलांना बेटाबाहेर पडावंच लागतं. पेशंट गंभीर झाला तर रात्री-अपरात्री बोट काढून मोरा नाहीतर मुंबई गाठायची, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तेही नशिबावर. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे येणाऱ्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि त्यात १५ जणांचा जीव गेला, तेव्हा देशभरात या जलमार्गाची चर्चा झाली. इथल्या माणसाला मात्र दूध, भाजी, गॅस सिलिंडर, शाळा, दवाखाना, लग्नाचं वऱ्हाड, सगळ्यासाठी हाच पाण्याचा रस्ता आहे, आणि संध्याकाळी शेवटची बोट पर्यटकांना घेऊन गेली की स्टॉलवर ताडपत्र्या बांधून माणसं आपापल्या बंदराकडे चालायला लागतात.