पोर्तोचा लाल जिना आणि हॉगवर्ट्स

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातलं 'लेलो' हे १९०६ सालचं पुस्तकांचं दुकान फार देखणं आहे. मधोमध दोन फाटे फुटून वळत जाणारा लाल जिना, वर रंगीत काचांचं छत. जवळून पाहिलं तर लाकडी वाटणारं बरंचसं कोरीव काम रंगवलेल्या गिलाव्याचं निघतं. हा जिना पाहूनच 'हॅरी पॉटर'ची लेखिका जे. के. रोलिंग हिला त्यातली जादूची शाळा, हॉगवर्ट्स, सुचली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं.

हे खरं नाही. त्या दुकानात आपण कधी गेलोच नाही, ते आहे हेही माहीत नव्हतं, असा खुलासा २०२० मध्ये खुद्द रोलिंगनेच केला.

गैरसमज का झाला, ते कळतं. १९९१ ते १९९३ या काळात ती खरंच पोर्तोत इंग्रजी शिकवत होती. तिथल्या 'मॅजेस्टिक' कॅफेत कधी कधी लिहायला बसायची, हे तिनेच सांगितलंय. हॉगवर्ट्सच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्लिदरिनचं 'सालाझार' हे नावही पोर्तुगीज हुकूमशहावरून घेतलेलं. मूळ कल्पना मात्र १९९० सालची, मँचेस्टरहून लंडनला जाताना रेल्वेत सुचलेली.

मला यातलं वेगळंच काही मोलाचं वाटतं. १९९० च्या डिसेंबरात तिची आई गेली. पुढच्या वर्षी पोर्तोला आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तिने ते आरशाचं प्रकरण लिहिलं, ज्यात पोरका हॅरी आरशात आपल्या आईवडिलांना पाहत राहतो. ते वाचताना मला जिना आठवतच नाही. परक्या गावात वही उघडून बसलेली, नुकतीच आई गमावलेली सव्वीस वर्षांची मुलगी दिसते.