वर्तुळ छापलं आणि अंडं निघालं

घरच्या प्रिंटरवर मापातलं ड्रॉइंग छापायचं तर आधी डीपीआय बघा, हा सल्ला इतक्या ठिकाणी वाचलाय की शेवटी लिहायलाच बसलो. खोक्यावर मोठ्या अक्षरात 4800 डीपीआय लिहिलेलं असतं ना, ते ठिपके किती जवळजवळ पडतात त्याचं माप. 150 मिलिमीटरची रेघ कागदावर 150 च उतरेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. मी हौसेने इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 360 अंशांचा गोल कोनमापक काढला, छापला, आणि त्यावर कंपास फिरवला तर डाव्या-उजव्या बाजूला पेन्सिल बरोबर रेघेवर आणि वर-खाली रेघेच्या बाहेर! ठिपके मात्र एकदम सुबक.

सोप्या चुका आधी उरकून घेऊ. प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' असेल तर ते काढून 'ॲक्च्युअल साइझ' किंवा 100% करा. बहुतेक प्रिंटरना कडेच्या काही मिलिमीटरमध्ये छापता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर परस्पर चित्र आक्रसून टाकतं. कागद ए4 (210 × 297 मिमी) आणि सेटिंग लेटर (215.9 × 279.4 मिमी) असा घोळ असेल तर ए4 चं पान थेट 94 टक्क्यांवर येतं. इंकस्केपने 0.92 आवृत्तीत इंचाला 90 पिक्सेलऐवजी 96 धरायला सुरुवात केली, त्यामुळे जुनी फाइल बेसावधपणे उघडली तर 93.75% होऊ शकते, कारण पिक्सेलला स्वतःची अशी लांबीच नसते. म्हणून मिलिमीटरमध्ये काढा आणि पीडीएफ करून छापा. पण गंमत बघा, या सगळ्या चुकांमध्ये चित्र दोन्ही दिशांनी सारखंच लहान होतं, म्हणजे वर्तुळ वर्तुळच राहतं. मग अंडं कुठून आलं?

इथे खरी मजा आहे. इंकजेट प्रिंटरचं झाकण उघडलंत तर कार्ट्रिज ज्या दांड्यावर सरकतं त्याच्यामागे एक पारदर्शक पट्टी ताणलेली दिसेल. तिच्यावर डोळ्याला नीट दिसणारही नाहीत इतक्या बारीक रेघा असतात, इंचाला शे-दीडशे, आणि कार्ट्रिजच्या गाडीवरचा सेन्सर त्या मोजत जातो. म्हणजे आडव्या दिशेला प्रिंटरकडे चक्क फूटपट्टी आहे. उभ्या दिशेला तसं काहीच नाही! तिथे रबरी रोलर कागद पुढे ढकलतो आणि प्रिंटर मोजतो ते रोलर किती फिरला हे, कागद किती सरकला हे नाही. सायकलच्या मीटरसारखंच, चाकाचे फेरे मोजायचे, परिघाने गुणायचं आणि झालं अंतर, मग टायरमधली हवा कमी असली तरी मीटरला त्याचा पत्ता नसतो.

समजा रोलरचा व्यास 16 मिमी आहे, तर परीघ साधारण 50.27 मिमी. रबर झिजून व्यास 15.9 झाला (त्रिज्येत फक्त 0.05 चा फरक, साध्या कागदाच्या जाडीच्या निम्मा) तर परीघ 49.95. दर फेऱ्याला 0.3 मिमीचा तोटा, ए4 ची लांबी जायला जवळपास सहा फेरे, म्हणजे पानभर 1.9 मिमी. कोनमापकात तर हे कोनातही घुसतं, कारण उंची 0.6 टक्के कमी झाली की 45 अंशांच्या रेघेचं उंची भागिले रुंदी हे गुणोत्तर (टॅन) 1 न राहता 0.994 होतं आणि रेघ 44.8 अंशांवर येते. रोलरवर कागदाची धूळ बसून कागद घसरला तरी चित्र असंच चेपतं. कागद तिरका ओढला गेला तर चौकोनाचा समांतरभुज होतो, ते कर्ण मोजल्यावर कळतं.

उपाय असा की 150 मिमीचा चौरस छापायचा आणि दोन्ही बाजू स्टीलच्या पट्टीने मोजायच्या, पट्टीच्या शून्यापासून नाही, 1 सेंटीमीटरच्या खुणेपासून, कारण पट्टीचं टोक झिजलेलं असतं. माझ्याकडे आडवं 150 आणि उभं 149.1 आलं. 150 भागिले 149.1 म्हणजे 100.6%, तेवढीच उंची ड्रॉइंगमध्ये वाढवायची, रुंदीला हात लावायचा नाही आणि त्यासाठी रुंदी-उंची एकत्र बदलणारं सॉफ्टवेअरमधलं कुलूप आधी उघडायचं. पान आडवं करून छापणार असाल तर मात्र हीच दुरुस्ती ड्रॉइंगच्या रुंदीला द्यावी लागते, मी हे विसरून एकदा दुप्पट चूक करून बसलोय.

लेझरवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे टोनरची पूड वितळवणाऱ्या उष्णतेने कागदातला ओलावा उडतो आणि कागद आक्रसतो, तोही धाग्यांच्या आडव्या दिशेला जास्त. म्हणून पान बाहेर आल्या आल्या मोजू नका, थोडा वेळ पडू द्या.

माझा 100.6 हा आकडा प्रिंटरवर चिकटपट्टीवर लिहून ठेवला होता. मग एकदा ओल्या फडक्याने रोलर पुसला आणि सहज मोजलं तर 100.2 निघाला.