सॅडल आणि सेफ्टी हार्नेस: दिसतात सारखे, पण घरी शिवायचं ते एकच

परवा ओहायोतल्या एका मित्राचा फोटो आला. घरीच शिवलेलं ट्री सॅडल (शिकारीला झाडावर दोराने बांधून बसायची कापडी झोळी), काम इतकं सुबक की बघत राहावं, आणि वर त्याने खांद्यावरून दोन पट्टे घेऊन पाठीत मध्यावर एक लूप शिवलेला. खाली लिहिलेलं, "अरे, आता हेच सेफ्टी हार्नेस पण झालं, वेगळं कशाला विकत घ्यायचं?" मी लगेच फोन लावला आणि पहिलं वाक्य हेच बोललो की तो पाठीतला लूप आजच्या आज कापून टाक. मग तासभर बोलत बसलो. त्यातलं बरंचसं इथे लिहितोय, कारण बसायचं सॅडल आणि पडणाऱ्याला पकडणारं हार्नेस एकच समजायचा हा घोळ फक्त त्याचा नाहीये, नव्याने सॅडल शिवायला घेणाऱ्या प्रत्येकाचा होतो, माझाही झालेला.

आधी थोडक्यात, ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे १ ऑक्टोबरला धनुष्याने हरणाच्या शिकारीचा सीझन सुरू होतो, लायसन्स काढायचं आणि झाडावर पंधरा-वीस फुटांवर तासनतास गप्प बसायचं. (भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, तर हे सगळं इकडचं समजून वाचा.) झाडावर बसायची जुनी पद्धत म्हणजे ट्रीस्टँड, आपल्या शेतातल्या राखणीच्या माळ्याची लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची आवृत्ती. नवी पद्धत सॅडल, त्यात माळाच नाही, कमरेखाली कापडाची झोळी घालायची, पाय टेकायला पाटाएवढा छोटा प्लॅटफॉर्म, आणि दोराने झाडाला बांधून घेऊन मागे रेलायचं.

आता सॅडल नेमकं काय करतं हे समजायला वीज मंडळाचा वायरमन डोळ्यासमोर आणा. खांबावर चढतो, कमरेचा पट्टा खांबाभोवती फिरवतो, पाय खांबाला रोवतो आणि मागे रेलून दोन्ही हात मोकळे करून काम करतो. पट्टा सतत ताणलेला. तो त्याला पडल्यावर पकडत नाही, तो मुळात पडूच देत नाही. सॅडल अगदी हेच आहे, आणि चढताना झाडाभोवती जो दोर घेतात त्याला इथे लाइनमन बेल्टच म्हणतात. वर पोचलं की डोक्याच्या उंचीला दुसरा दोर झाडाला बांधायचा, तो टेदर. सॅडलच्या दोन्ही बाजूंच्या लूपांमध्ये एक छोटा दोर असतो, तो ब्रिज, टेदरचा कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, त्या ब्रिजमध्ये अडकतो. टेदर पक्का झाल्याशिवाय लाइनमन बेल्ट सोडायचा नाही, एवढा एक नियम पाळला तर जमिनीपासून जमिनीपर्यंत तुम्ही एक क्षणही मोकळे नसता.

हार्नेसचं काम वेगळं आहे. ट्रीस्टँडवर माणूस खुर्चीत बसतो, झाडाकडे पाठ करून, मागची दोरी थोडी सैल असते कारण त्याला उठायचंय, वळायचंय. घसरला तर तो आधी खरोखर पडतो, आणि मग हार्नेस त्याला झटक्यात पकडतं. म्हणून ती दोरी दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीत वर जोडलेली असते, म्हणजे अडकल्यावर माणूस उभाच लटकतो. हीच दोरी कमरेला जोडली असती तर धडाचं वजन वर राहून माणूस कमरेत दुमडला असता नाहीतर उलटाच झाला असता.

अमेरिकेत कामगार सुरक्षेचे जे ओशाचे (ओशा म्हणजे त्यासाठीचं सरकारी खातं) नियम आहेत ते शिकाऱ्यांना लागू नाहीत, पण हा फरक त्यांनी आकड्यात बांधलाय म्हणून सांगतो. बांधकामाच्या नियमांत जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्यात माणूस २ फुटांपेक्षा जास्त पडता कामा नये, आणि पडल्यावर पकडणाऱ्या हार्नेसमध्ये ६ फुटांपेक्षा जास्त नाही. हार्नेसने अंगावर येणारा झटका १८०० पौंडांच्या आत ठेवला पाहिजे. आणि १ जानेवारी १९९८ पासून नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्याला पकडायला वापरायचाच नाही, जागेवर धरून ठेवायला मात्र चालतो. एकच पट्टा, एका कामाला पास, दुसऱ्याला नापास.

हिशोब करून बघा. ८० किलोचा माणूस ६ फूट, म्हणजे १.८ मीटर पडला आणि पुढच्या ३० सेंटिमीटरमध्ये थांबला तर सरासरी ओढ त्याच्या वजनाच्या सातपट येते, ५६० किलो. तोच १० सेंटिमीटरमध्ये थांबला तर १५०० किलो. पडलं किती यापेक्षा थांबलं किती अंतरात यावर सगळं ठरतं, म्हणून बऱ्याच हार्नेसच्या दोरीत घड्या घालून शिवलेला एक पुडका असतो, ठराविक ओढीला त्याची शिवण टराटरा उसवत जाते आणि माणूस हळू थांबतो. म्हणजे ती शिवण *फाटण्यासाठी* शिवलेली असते, ठरलेल्या ओढीला, ना आधी ना नंतर. माझी आई आयुष्यभर मशीनवर बसलेली, तिच्या हाताखाली मी टीप मारायला शिकलो, पण अशी मोजून फाटणारी टीप घरच्या मशीनवर मारता येईल असं मला अजिबात वाटत नाही.

सॅडलमध्ये याच्या उलट, तुम्ही रेलून बसलात की टेदरवर साधारण तुमच्या वजनाएवढाच भार असतो, झटका नाही. आणि माझ्या मते घरी शिवण्याचा खरा प्रश्न इथे सुटतो. सॅडल शिवलं की मी ते अंगणातल्या मेपलला जमिनीपासून फूटभरावर बांधून त्यात बसू शकतो, माझ्या दुप्पट-तिप्पट वजनाची वाळूची पोती त्यात रात्रभर ठेवू शकतो, सकाळी प्रत्येक टाका बघू शकतो, आणि तेच सॅडल घालून रानात जाऊ शकतो. परीक्षा आणि वापर सारखाच. हार्नेसची परीक्षा म्हणजे पडणं, आणि एकदा कोणाला पकडलेलं हार्नेस फेकून द्यायचं असतं. म्हणजे जे तपासलं ते वापरता येत नाही आणि जे वापरताय ते कधी तपासलेलं नसतं. कारखाना शेकडो सारखे नग बनवून त्यातले काही तोडून बघतो, आपण एकच शिवतो.

आता शिवणाकडे येऊ, कारण मित्राचा पुढचा प्रश्न हाच होता की टाका तोच, वेबिंग तेच, मग फरक कुठे. वेबिंग म्हणजे आपल्या पलंगाची नवार, फक्त नायलॉनची किंवा पॉलिस्टरची. मी पॉलिस्टर घेतो, कारण नायलॉन ओलं झालं की पाणी पितं, जास्त ताणतं आणि ऑक्टोबरच्या पावसात सॅडल हळूहळू खाली येत असल्यासारखं वाटत राहतं. सॅडलमध्ये बघणाऱ्याला मुख्य दिसतं ते कापड, पण कापड फक्त दाब पसरवायला असतं, मांड्या आणि ढुंगण दुखू नये म्हणून. जीव असतो नवारीवर. ती एका ब्रिज लूपपासून दुसऱ्या ब्रिज लूपपर्यंत, तुमच्या पाठीमागून फिरून, *अखंड* गेली पाहिजे, मध्ये कुठेही दोन तुकडे शिवून जोडलेले नकोत. कापड पूर्ण फाटलं तरी माणूस नवारीत लटकलेला राहिला पाहिजे, असं डोक्यात धरून आखणी करायची. पायांचे दोन पट्टे पण हवेतच, नाहीतर पाय घसरला तर माणूस झोळीतून खाली सरकू शकतो.

दुसरी गोष्ट ओढीची दिशा, यावर मी त्याला फोनवर अक्षरशः दोन पट्ट्या हातात घ्यायला लावल्या. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून शिवल्या आणि लांबीच्या दिशेने विरुद्ध बाजूंना ओढल्या तर सगळे टाके मिळून भार घेतात. पण त्याच पट्ट्यांची एकाच बाजूची दोन टोकं धरून केळ्याची साल सोलल्यासारखी वेगळी ओढली तर सगळा भार पहिल्या टाक्यावर, तो तुटला की पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर. शिवण तीच, ताकद आकाशपाताळ. साधा शिलाईचा दोरा किलोभर ओढीत तुटतो, जाड बॉन्डेड दोरा, टेक्स ७० म्हणतात तो (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप), साधारण ५ किलोला, टेक्स १३५ साधारण १० किलोला. घरच्या मशीनला टेक्स ७० पर्यंत जमतं, सुई जाड लावावी लागते आणि चार थरांवर चाक हाताने फिरवावं लागतं, घाई केली की सुई मोडते. सॅडलमध्ये ब्रिज लूप मी नवार दुमडून असा शिवतो की ओढ लांबीच्याच दिशेने येते, चौकोन आणि आत फुली, एकामागे एक तीन. आणि मित्राने पाठीत शिवलेला तो लूप? तो खांद्याच्या पट्ट्यांवर आडवा बसवलेला, दोरी मागून वर ओढणार, म्हणजे शिवण सरळ सोलली जाणार, आणि ते पण वजनाच्या सातपट झटक्यात.

ब्रिजबद्दल एक सांगून टाकतो कारण पहिल्यांदा शिवणारे तो आखूड करतात. ब्रिज लांब असला आणि वरचा कोन ६० अंशांचा झाला तर प्रत्येक लूपवर वजनाच्या ५८ टक्के भार येतो, आखूड करून कोन १२० अंशांवर गेला तर प्रत्येक लूपवर पूर्ण वजन, शिवाय कंबर दोन्ही बाजूंनी आवळली जाते आणि अर्ध्या तासात बसवत नाही.

माझं काय झालं ते पण सांगतो. सॅडलच्या आधी मी चार वर्षं ट्रीस्टँडवर बसायचो, दोरी सैल ठेवायची सवय अंगात भिनलेली. सॅडलच्या दुसऱ्या सीझनला, पाऊस पडून गेलेला, प्लॅटफॉर्म ओला, आणि मला वळायला मोकळं वाटावं म्हणून टेदरची प्रुसिक गाठ (दोरावर हाताने सरकते, ओढ आली की आवळते ती) मी वर सरकवलीच नाही, दीड फूट तरी ढील होती. पाय सटकला. दीड फूटच पडलो, पण तो दोर ओढ आली की लांबणारा नसतो, कमरेला असा हिसका बसला की श्वास अडकला, उजव्या बाजूला दोन आठवडे काळंनिळं होतं. घरी आल्यावर दिव्याखाली सॅडल पसरलं. मी काळ्या नवारीवर मुद्दाम पिवळा दोरा वापरतो, तुटलेला टाका दिसावा म्हणून, आणि उजव्या लूपच्या बाहेरच्या ओळीत चार टाके तुटून त्यांची टोकं केसांसारखी वर आलेली. आतले चौकोन शाबूत होते. दीड फुटाला चार टाके. ६ फुटांचा विचार करून हात गार पडले. ते सॅडल मी त्याच रात्री कातरीने चार तुकडे करून टाकलं, नुसतं कचऱ्यात टाकलं असतं तर कोणीतरी उचलून वापरलं असतं.

म्हणजे सवय पण शिवणीइतकीच महत्त्वाची. हार्नेसवाल्याला थोडी ढील चालते, त्याच्या दोरीत ती धरलेलीच असते. सॅडलवाल्याने ढील ठेवली की त्याने आपल्याच हाताने सॅडलचं हार्नेस केलं, आणि ते काम त्याला जमत नाही. टेदर बांधलेल्या जागेच्या वर चढून जाणं हा तोच प्रकार.

उलट बाजूने पण लोक चुकतात. हार्नेस मजबूत आहे ना, मग त्यातच मागे लटकून बसू म्हणतात. हार्नेसमध्ये निश्चल लटकलं की मांडीचे पट्टे शिरा दाबतात, रक्त पायातच साठत राहतं, आणि थोड्याच वेळात चक्कर येऊन शुद्ध जाऊ शकते. म्हणून हार्नेसबरोबर पाय ठेवायला एक छोटी पट्टी देतात, लटकलेल्या माणसाने त्यात उभं राहून पायांवर जोर देत राहायचं आणि मदत येईपर्यंत पाय हलवत ठेवायचे. ते बसायची जागा नाहीच.

सह्याद्रीत क्लायम्बिंग केलेले मित्र विचारतात की आमचं सिट हार्नेस, कमरेला आणि मांड्यांना बांधायचं ते, का नाही चालणार. चढायला-उतरायला चालेल, पण ते मुख्यतः ओढ आली की लांबणाऱ्या दोराबरोबर वापरायला बनवलेलं असतं आणि त्यात चार तास बसून बघा, पट्टे मांडीत रुततात. काही लोक तेच आत घालून वर कापडाची झोळी शिवतात, आणि ज्याला स्वतःच्या टाक्यांवर अजून भरवसा नाही त्याच्यासाठी मला हा मार्ग आवडतो, कारण जीव कारखान्याच्या शिवणीवर राहतो आणि आपल्या शिवणीवर फक्त आराम.

काल मित्राचा दुसरा फोटो आला. पाठीतला लूप आणि खांद्याचे पट्टे गेलेत, ट्रीस्टँडसाठी विकतचं हार्नेस मागवलंय, ब्रिज वीतभर लांब केलाय. पायांचे पट्टे अजून शिवायचेत, ते होईपर्यंत अंगणातल्या झाडाला फूटभर उंचीवरच लटकणार म्हणाला.