डोळ्यावरून ओळंबा सोडा: मोठा बगळा आणि मध्यम बगळा

फाल्गुन सरत आला की नाथसागराचे, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, पाणी मागे हटू लागते, काठचा गाळ उघडा पडतो आणि रविवारी पहाटे छत्रपती संभाजीनगरातून पैठण रस्त्याला दुर्बिणवाल्यांच्या गाड्या लागतात. संध्याकाळी फोटो यायला लागतात. त्यात एक फोटो हमखास असतो. पाण्याच्या कडेला उभा पांढराशुभ्र पक्षी, पिवळी चोच, काळे पाय, आणि खाली लिहिलेले 'मोठा बगळा'. मी फोटो मोठा करून बघतो, तर तो मध्यम बगळा. पुढच्या रविवारी नेमके उलटे: मोठा बगळा मान आखडून बसलेला असतो, म्हणून कुणीतरी त्याला 'मध्यम' करून टाकलेले असते. दोन्ही वेळा मी तेच उत्तर लिहितो. यंदा ते एकदाच नीट लिहून ठेवतो.

मोठा बगळा कसा दिसतो हे सांगत बसत नाही. पक्षी पाहायला लागून महिना झालेल्या माणसालाही तो ठाऊक असतो. पाण्यात काठी रोवल्यासारखा उभा राहणारा, लांबलचक मानेचा, एकटा शिकार करणारा. छोटा बगळाही सोपा आहे: काळी चोच, काळे पाय आणि पायाची बोटे पिवळी. चिखलातून पाय बाहेर काढला की पिवळे मोजे घातल्यासारखे दिसते. गायबगळा बुटका, आखूड मानेचा, हनुवटी फुगलेली, आणि बहुतेक वेळा म्हशीच्या पायाशी. चैत्र-वैशाखात त्याच्या डोक्या-मानेवर केशरी रंग चढतो, मग तर प्रश्नच उरत नाही. आणि उडताना मान ताठ पुढे काढलेला पांढरा पक्षी बगळा नसतो. बगळा उडताना मान दुमडून घेतो. हे चार वाक्यांत संपते, त्यात कुणी अडकू नये.

अडकायला होते ते मोठा आणि मध्यम यांच्यात. आणि अडकतात ते चुकीची खूण धरल्यामुळे.

पहिली चुकीची खूण म्हणजे आकार. मोठा बगळा साधारण ९० ते १०० सेंटिमीटर, मध्यम ६५ ते ७० च्या आसपास. कागदावर हा फरक भरपूर आहे. पण सोनेवाडीच्या काठावर दीडशे मीटरवर एकटा पक्षी उभा असेल, शेजारी ना म्हैस ना माणूस, तर कशाच्या मापाने मोजणार? शेजारी राखी बगळा असेल तर आकाराचा उपयोग होतो, कारण मोठा बगळा उंचीला जवळजवळ त्याच्या बरोबरीला येतो आणि मध्यम स्पष्ट लहान दिसतो. तसा शेजारी नसेल तर आकारावरून नाव ठरवू नका. 'मला मोठा वाटला' हे ओळखणे नव्हे.

दुसरी चुकीची खूण चोचीचा रंग, आणि वसंतात सगळ्यात जास्त घोळ हीच घालते. 'पिवळी चोच म्हणजे मोठा, काळी म्हणजे छोटा' असे कुणीतरी सुरुवातीला शिकवलेले असते आणि ते डोक्यातून जात नाही. खरे असे आहे की विणीचा काळ नसताना मोठा आणि मध्यम दोघांचीही चोच पिवळी असते. मध्यमच्या पिवळ्या चोचीचे टोक बहुधा काळपट असते, पण तेवढ्यावर नाव ठरवता येत नाही. वीण जवळ आली की दोघांचीही चोच काळी पडत जाते. आपल्याकडे बगळ्यांची वीण साधारण पावसाळ्यात, त्यामुळे उन्हाळ्यात हा बदल काही पक्ष्यांत सुरू झालेला असतो, काहींत नसतो. एकाच काठावर पिवळ्या चोचीचा, अर्धवट काळ्या चोचीचा आणि पूर्ण काळ्या चोचीचा असे तीन बगळे भेटू शकतात, आणि ते तिन्ही एकाच जातीचे असू शकतात. चोचीचा रंग पक्ष्याची अवस्था सांगतो, जात सांगत नाही. परदेशी पुस्तके वाचून येणाऱ्यांचा आणखी एक घोटाळा होतो: आफ्रिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या ज्या बगळ्यांना पूर्वी मध्यम बगळाच म्हणत, त्यांच्या चोचीचे विणीतले रंग आपल्या मध्यमपेक्षा वेगळे आहेत. आता त्यांना स्वतंत्र जाती मानतात. त्या पुस्तकांतली चित्रे नाथसागरावर लावू नका.

मग बघायचे काय? तोंडाची रेघ.

वरची चोच आणि खालची चोच जिथे मिटते तिथे एक बारीक रेघ दिसते. ती चोचीच्या टोकापासून मागे येते आणि चोच संपल्यावर गालाच्या कातडीत शिरते. मध्यम बगळ्यात ती डोळ्याच्या बरोबर खाली येऊन थांबते. मोठ्या बगळ्यात ती तिथे थांबत नाही. डोळ्याखालून निसटून आणखी मागे जाते, डोळ्याच्या कडेपलीकडे, आणि तिथे टोकदार होऊन संपते. काजळ घालताना बोट घसरून रेघ कानशिलाकडे ओढली जावी, तशी. एकदा ती दिसली की मोठ्या बगळ्याचा चेहराच बदलतो, तो डोळ्याच्याही मागे चिरलेल्या तोंडाचा शिकारी दिसायला लागतो. मध्यमचा चेहरा त्यापुढे सौम्य, जरा बाळबोध.

फोटोवर हे तपासायची माझी पद्धत गवंड्याकडून घेतलेली आहे. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी ओळंबा सोडतो. तसा पक्ष्याच्या डोळ्याच्या मागच्या कडेवरून मनातल्या मनात सरळ खाली ओळंबा सोडा. तोंडाची रेघ ओळंब्याच्या अलीकडे, म्हणजे चोचीच्या बाजूलाच संपली तर मध्यम. ओळंबा ओलांडून मागे गेली तर मोठा. रंग कुठलाही असो, मान लांब असो की आखडलेली, पक्षी जवळ असो की लांब, ही रेघ बदलत नाही. वसंतात बाकी सगळे बदलत असते, म्हणून मला ती एवढी मोलाची वाटते.

मात्र ती नीट बघायला हवी. पक्षी अगदी बाजूने दिसायला हवा. त्याने चेहरा थोडा जरी आपल्याकडे वळवला तर रेघ आखूड भासते आणि मोठा बगळा मध्यम वाटतो. माझ्या अनुभवात बहुतेक चुका इथेच होतात. उलट तो चेहरा पलीकडे वळवत असेल तर गालावरची सावली रेघेसारखी दिसते. मासा गिळताना जबडा ताणलेला असतो, त्या क्षणाचा फोटो ग्राह्य धरू नये. ऊन पाठीमागे घेऊन बघावे. सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ उत्तम, पुढे पाण्यावरची वाफ हलायला लागते आणि दीडशे मीटरवर काहीच स्थिर दिसत नाही. आणि थांबावे. बगळा पाण्यात उभा असतो तेव्हा दोन-तीन मिनिटांत एकदा तरी मान पूर्ण बाजूला वळवतोच. तेवढे थांबायचे सोडून लोक जवळ जातात. बगळा उडतो, फोटो उडणाऱ्याचा येतो आणि रेघ कायमची हुकते. मी लेन्सपेक्षा तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला जास्त मानतो, ती पक्ष्याला उडवत नाही.

परवा सोनेवाडीच्या खाली असाच थांबलो होतो. समोर दोन पांढरे बगळे, साधारण वीस पावलांच्या अंतरावर, पाणी सरकून राहिलेल्या उथळ डबक्यात. त्यांच्यामागे शेकाट्यांची रांग, पलीकडे नदी सुरयांची ये-जा. थर्माकोलवर बसून जाळे काढून आलेले एक मामा शेजारी येऊन उभे राहिले.

"काय बघायलात दादा एवढं?"

"बगळे बघायलोय मामा. हा मोठा का मधला, ते ठरवायलोय."

"त्यात काय ठरवायचं? पोटापत्तूर पाण्यात उभा ऱ्हातो तो मोठा. मधला गवताच्या कडंनं हिंडतो."

मामांचे बरोबर होते. मोठा बगळा खोल पाण्यात शिरतो, मध्यमला ओल्या गवताची, उथळ चिखलाची आणि भिजवलेल्या शेताची जास्त आवड. गाळपेराच्या, म्हणजे उघड्या गाळावर पेरलेल्या पिकाच्या, हिरव्या पट्ट्यातून सावकाश चालणारा पांढरा बगळा दिसला आणि तो गायबगळा नसेल, तर मीही आधी मध्यमच धरतो. पण पाणी उतरते तशी सगळ्यांची शिकार एकाच उथळ कडेला येते आणि वसंतात ही खूण निम्मीच उरते. त्या दिवशीचे दोन्ही पक्षी मामांच्या हिशेबाने 'मधले' होते. त्यातल्या डावीकडच्याने मान वळवली, चोच किंचित उघडली, मिटली, आणि रेघ डोळ्याच्या मागे गेलेली स्वच्छ दिसली. मोठा. मामांनाही दुर्बिणीतून दाखवली. ते बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, "हाव की. तोंड फाटल्यागत हाय."

रेघ दिसलीच नाही तर पुढच्या खुणा घ्याव्यात, पण दोन तरी जुळायला हव्यात. मोठ्याची मान धडापेक्षा बरीच लांब आणि मधोमध कोपरासारखी मोडलेली. मध्यमची मान धडाएवढी, तिचा बाक गोलाईचा. बसलेल्या, मान आखडलेल्या पक्ष्यात ही खूण बुडते. मोठ्याचे कपाळ सपाट, चोचीतच वाहत गेल्यासारखे, आणि चोच लांब भाल्यासारखी. मध्यमचे डोके गोल, कपाळाला चढ, चोच त्या मानाने आखूड आणि जाडसर. पायांत फारसा अर्थ नाही, दोघांचे काळेच.

वसंताच्या शेवटी एक खूण मात्र हाताशी येते: पिसारा. विणीच्या तयारीत दोघांच्याही पाठीवरून जाळीदार, धाग्यासारखी पिसे शेपटीच्या मागेपर्यंत लोंबतात. मध्यमला तशीच पिसे छातीवरही येतात. मोठ्याच्या छातीवर ती नसतात. वाऱ्यावर छातीची पिसे भुरभुरताना दिसली तर मोठा बगळा बाद. (डोक्यामागून दोन लांब तुरे लोंबत असतील तर तो छोटा.) याच पिसांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांकरिता जगभर बगळे मारले गेले. पिसे विणीच्या काळातच येतात, म्हणून मारही घरट्यांवरच पडायचा आणि मागे पिल्ले उपाशी मरायची. भारत सरकारने १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. ज्या पिसांनी बगळ्यांचा जीव घेतला, ती आज काठावर उभे राहून फुकट बघायला मिळतात. तेवढी दोन मिनिटे तरी नाव लिहायची घाई करू नये.

या दोघांत गल्लत झाली तर बिघडले काय, असे मला विचारले जाते. बिघडते. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले, ३४१ चौरस किलोमीटरचे. एवढ्या पसाऱ्यात कुठली जात वाढते आहे आणि कुठली कमी होते आहे, हे कळायला वर्षानुवर्षांचे मोजलेले आकडेच कामाला येतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. अशाच एका गणनेत माझ्या हाती आलेल्या छापील तक्त्यात 'बगळे' एवढाच एक रकाना होता. पांढरे दिसले की त्यात टाका. दुसऱ्या एका वर्षी मी स्वतः लांबच्या रांगेतले सगळे 'मोठा' म्हणून लिहिले, आणि रात्री फोटो मोठे करून पाहिले तर त्यात मध्यम निघाले. तोवर तक्ता गेला होता. तेव्हापासून रेघ पाहिल्याशिवाय मी दोन्हींपैकी कुठलेच नाव लिहीत नाही. फोनमधले ॲप फोटोवरून नाव सुचवते. सुचवू द्यावे, पण समोरून काढलेल्या फोटोवर तेही माणसासारखेच चुकते.

सरावासाठी पैठणलाच जायला हवे असेही नाही. दिल्ली गेटजवळचे सलीम अली सरोवर छत्रपती संभाजीनगरातच आहे. बगळे तिथे माणसांना सरावलेले असतात आणि रेघ साध्या दुर्बिणीनेही दिसते. दहा बगळ्यांवर ओळंबा सोडून पाहा, मग नाथसागरावर या.

त्या दिवशी सोनेवाडीला सहानंतर उजेड गेला. बगळे बाभळींकडे परतायला लागले, माना दुमडलेल्या, पाय मागे ताणलेले. मोठ्याचे पंख संथ हलतात आणि पाय शेपटीच्या खूप मागे जातात, पण संधिप्रकाशात एवढ्यावर मी विसंबत नाही. वहीत लिहिले: मोठा ७, मध्यम ११, आणि त्याखाली 'पांढरे बगळे, रेघ दिसली नाही' २३.