विश्वनागरिकत्व व स्थलांतर

सर्व माणसे एकाच नैतिक समाजाचे घटक आहेत, ही विश्वनागरिकत्वाच्या विचाराची मूळ धारणा. जग सर्वांचे असेल तर सीमा कोणी व कोणासाठी घालायच्या, हा प्रश्न तिच्यातून ओघानेच येतो. तथापि या विचाराच्या इतिहासात परमुलखात जाऊन राहण्याचा हक्क बऱ्याच उशिरा, आणि तोही हात राखून, मान्य झालेला दिसतो.

आरंभ सामान्यतः काळ्या समुद्राकाठच्या सिनोप या ग्रीक नगरातील तत्त्वज्ञ डायोजिनीझपासून (मृत्यू इ. स. पू. सु. ३२३) धरतात. ‘तू कुठला?’ या प्रश्नाला त्याने ‘मी विश्वाचा नागरिक’ असे उत्तर दिल्याची आख्यायिका डायोजिनीझ लेअर्शिअस या चरित्रकाराने दिली आहे. या चरित्रकाराचा काळ बहुधा इ. स. तिसऱ्या शतकाचा पूर्वार्ध असल्याने ती साडेपाच शतकांहून अधिक काळानंतरची ठरते. त्यापूर्वीच रोमन लेखक सिसरोने जवळजवळ तेच उत्तर सॉक्रेटीसच्या तोंडी घातले होते. ते स्वीकारणे अवघड आहे. कारण पळून जाण्याची सोय असतानाही अथेन्समध्ये राहून देहदंड पत्करणाऱ्या सॉक्रेटीसशी ते जुळत नाही.

डायोजिनीझच्या हद्दपारीचे कारणही वादग्रस्त आहे. त्याने, किंवा त्याचा बाप हिकेसिअस याने, सिनोपचे चलन बिघडवले म्हणून त्याला गाव सोडावे लागले, असे परंपरा सांगते. ‘चलन बिघडवणे’ म्हणजे रूढी मोडणे असा लाक्षणिक अर्थ घेऊन काही अभ्यासकांनी ही कथा मागाहून रचलेली ठरवली होती. परंतु छिन्नीचे घाव घालून बाद केलेली सिनोपची इ. स. पू. चौथ्या शतकातील नाणी उपलब्ध झाली आहेत, आणि इ. स. पू. ३६२ नंतरच्या मानलेल्या काही नाण्यांवर हिकेसिअस हे अधिकाऱ्याचे नाव आढळते. बाद केलेल्या नाण्यांत नकली नाण्यांचा भरणा असल्याने हा प्रकार लबाडीचा नसून खोटे चलन बाजारातून काढण्याचा असावा, असे नाणकशास्त्रज्ञ चार्ल्स सेल्टमन यांचे मत होते. हा कालनिर्णय मान्य केल्यास डायोजिनीझ अथेन्सला पोहोचण्याआधीच, परंपरेने त्याचा गुरू मानलेला सॉक्रेटीसचा शिष्य अँटिस्थिनीझ वारलेला असावा, आणि त्या दोघांचे गुरुशिष्य नाते बहुतेक निकालात निघते. नाण्यांची साक्ष येथे चरित्रांपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

डायोजिनीझच्या ‘विश्वाचा नागरिक’ या उत्तराच्या आशयाबद्दल अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. माल्कम स्कोफील्ड यांच्या मते ते मुख्यतः नकारात्मक आहे: मी कोणत्याच नगराचा नाही. जॉन मोल्स यांना त्यात समस्त मानवांशी आपलेपणाचा भावात्मक विचार दिसतो. अथेन्समधील परक्यांची स्थिती पाहता पहिला अर्थ अधिक संभवनीय आहे. तेथे वस्ती करणाऱ्या परदेशी पुरुषाला वर्षाला १२ ड्राक्मा कर भरावा लागे, एका नागरिकाला पाठीराखा म्हणून दाखवावे लागे आणि खास परवानगीवाचून जमीन वा घर घेता येत नसे. कर चुकवल्यास गुलाम म्हणून विक्री होऊ शके. अशा नगरात ‘विश्वाचा नागरिक’ म्हणवून घेतल्याने कोणताही हक्क पदरात पडत नव्हता.

स्टोइक या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान-संप्रदायाच्या विचारवंतांनी या कल्पनेला विवेकाच्या समान वारशाचा आधार दिला. स्टोइक रोमन सम्राट मार्कस ऑरिलिअसच्या लेखनात ती ठळक आहे. मात्र प्रवेशाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

तो सोळाव्या शतकात पुढे आला. स्पेनमधील सालामांका येथील धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने १५३९ मध्ये, यजमानांना अपाय न करता कोणत्याही देशात जाण्याचा व राहण्याचा हक्क सर्वांना असल्याचे प्रतिपादन केले. त्याचा लाभ कोणाला झाला हे उघड आहे: अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी स्पॅनिश लोकांना अटकाव केल्यास युद्ध न्याय्य ठरू शके.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ मध्ये काढलेली मर्यादारेषा या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. पृथ्वी गोल असल्याने माणसे अनंत अंतरापर्यंत विखुरू शकत नाहीत, त्यांना एकमेकांना सहन करणे भाग आहे. म्हणून परक्या भूमीवर येताच शत्रू मानले न जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण हा हक्क भेटीचा, मुक्कामाचा नव्हे. पाहुणा म्हणून राहण्यासाठी वेगळा करार हवा. आगंतुकाचा नाश ओढवणार नसेल तर त्याला परत पाठवता येते. कांटचे लक्ष येथे निर्वासितांपेक्षा व्यापारी सत्तांवर अधिक होते. वखारींच्या निमित्ताने हिंदुस्थानात परके सैन्य आणले गेल्याचा दाखला तो देतो, आणि परकीयांवर निर्बंध घालणाऱ्या चीन व जपानला शहाणे म्हणतो. आज खुल्या सीमांच्या बाजूने कांटचे नाव सरसकट घेतले जाते, त्याला हा मजकूर फारसा दुजोरा देत नाही.

विसाव्या शतकात राष्ट्रहीनांच्या, म्हणजे कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेल्यांच्या, प्रश्नाने चर्चेचा रोख बदलला. हक्क असण्याचाच हक्क आधी हवा, हे राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांचे सूत्र (१९५१) याच अनुभवातून आले. १९४८ च्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्यातील तेराव्या कलमाने कोणताही देश सोडण्याचा व स्वदेशी परतण्याचा हक्क दिला, दुसऱ्या देशात शिरण्याचा दिला नाही. १९८३ मध्ये राजकीय तत्त्वज्ञ मायकल वॉल्झर यांनी सभासद कोणाला करायचे हे ठरवणे हा समाजाचा स्वनिर्णय मानला. राजकीय तत्त्वज्ञ जोसेफ कॅरेन्स यांनी १९८७ मध्ये खुल्या सीमांची उलट बाजू मांडली: श्रीमंत लोकशाहीचे नागरिकत्व सरंजामी वतनासारखे जन्माने मिळते व जन्मभर टिकते. पुढील वाद बव्हंशी याच दोन टोकांमध्ये घडला. तत्त्वज्ञ सेला बेनहबीब यांची २००४ मधील मांडणी या दोहोंच्या मधली आहे.

भारतीय संदर्भात ‘वसुधैव कुटुम्बकम्’ हे वचन उद्धृत करण्याचा प्रघात आहे. हितोपदेशात (रचना बहुधा नवव्या ते चौदाव्या शतकांदरम्यान) हा श्लोक कोल्ह्याच्या तोंडी येतो. हरणाशी सलगी करू पाहणाऱ्या या कोल्ह्याला कावळ्याचा आक्षेप आहे: ज्याचे कुळशील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये. कोल्हा प्रत्युत्तर देतो की हरणाची पहिली भेट झाली त्या दिवशी तूही अनोळखीच होतास. हा युक्तिवाद बिनतोड असला तरी कोल्ह्याचा हेतू कपटाचाच निघतो, आणि अखेर हरणाला वाचवतो तो कावळा. महोपनिषदात हाच श्लोक विरक्ताच्या वर्णनात येतो. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातील ‘हे विश्वचि माझे घर’ ही ओवीदेखील गीतेतील ‘अनिकेत’ (घराची आसक्ती नसलेल्या) भक्ताच्या स्थिर बुद्धीविषयी आहे. या दोन्ही ठिकाणी राजकीय सभासदत्वाचा विषय नाही.

१९५१ च्या निर्वासितविषयक करारात भारत सामील नाही. संविधानाच्या एकविसाव्या कलमाचे जीवितसंरक्षण परकीयांनाही लागू आहे, आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारे अरुणाचल प्रदेश शासनाला आदेश दिले. एकोणिसाव्या कलमातील संचाराचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य मात्र नागरिकांपुरतेच आहे.