मेक इन्स्टॉल झालं, पण लायब्ररी गेली कुठे? यूएसआर-लोकलच्या घोळाची पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपात एक प्रश्न फिरून फिरून येतोच. सोर्सवरून (मूळ लिहिलेल्या कोडवरून) लायब्ररी, म्हणजे बऱ्याच प्रोग्रॅमना लागणारा सामाईक कोड, बिल्ड केली, ती जागेवर नेऊन ठेवणारं मेक इन्स्टॉलसुद्धा एरर न देता संपलं, तरी प्रोग्रॅम चालू केला की 'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही' म्हणतो, नाहीतर सापडते पण जुनीच सापडते. मग कोणीतरी लायब्ररी कुठल्या फोल्डरात शोधायची ते सांगणारी एलडी-लायब्ररी-पाथची एक ओळ चिकटवतो, काम होतं, विषय मिटतो. घोळ मात्र तिथेच राहतो आणि तो बराच जुना आहे.

सोर्स फाइलींवरून बिल्डची कामं क्रमाने करून घेणारा मेक हा प्रोग्रॅम 1976 चा, अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला. त्याच्या सूचनांच्या मेकफाइलमध्ये टॅबऐवजी स्पेस पडली की सगळं बोंबलतं, ती खोड पण तेव्हाचीच. लिहिणाऱ्याच्या ती लवकरच लक्षात आली होती, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते आणि त्यांची मोडतोड नको म्हणून तसंच ठेवलं. पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या इतक्या जाती झाल्या की एकीवर लिहिलेलं दुसरीवर चालेना, म्हणून 1991 मध्ये ऑटोकॉन्फ आलं आणि मशीनवर काय आहे काय नाही हे चाचपणारी कॉन्फिगर नावाची लांबलचक स्क्रिप्ट सोर्सच्या टारबॉलमध्ये (फाइलींच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) यायला लागली. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल ही तिकडी तिथून पाठ झाली ती आजवर.

आता मूळ भानगड. काही सांगितलं नाही तर कॉन्फिगर सगळं यूएसआर-लोकल या फोल्डरात टाकायचं ठरवतं. 1994 मध्ये लिनक्ससाठी कुठली फाइल कुठे ठेवायची याचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले, त्यात पण हेच की यूएसआर डिस्ट्रोचं (उबुंटूसारखं तयार लिनक्स देणाऱ्यांचं), यूएसआर-लोकल मशीन सांभाळणाऱ्याचं, डिस्ट्रोने तिथे हात घालायचा नाही. बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यात फ्रीबीएसडीने मात्र बाहेरची सगळी पॅकेजेस यूएसआर-लोकलमध्येच टाकली, नेटबीएसडीने तिसरीच जागा काढली, आणि मॅकवर पॅकेजेस बसवणारं होमब्रू 2009 पासून यूएसआर-लोकलमध्ये ठाण मांडून बसलेलं, ते 2020 च्या एम-वन चिपवाल्या मॅकवर ऑप्ट-होमब्रूमध्ये गेलं. म्हणजे जागा एकच, मालक प्रत्येक ठिकाणी वेगळा.

बरं, लिनक्सपुरतं बोलायचं तरी लायब्ररी ठेवायची कुठे हे ठरलं, पण प्रोग्रॅम सुरू होताना ती शोधणाऱ्या लोडरने तिथे बघायचं की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं. आजही डेबियन-उबुंटूमध्ये यूएसआर-लोकल-लिब लोडरच्या यादीत असतं आणि सिस्टीमच्या जागेच्या आधी असतं, तर रेडहॅट-फेडोराच्या घराण्यात ते यादीत नसतंच, आपण यादीच्या फाइलीत, एलडी-एसओ-कॉन्फमध्ये, ओळ टाकून यादी ताजी करणारं एलडीकॉन्फिग चालवायचं. त्यामुळे तीच लायब्ररी, त्याच तीन कमांड, पण एकीकडे 'सापडत नाही' आणि दुसरीकडे तुमची घरगुती लायब्ररी सिस्टीमच्या लायब्ररीला झाकून टाकते. ट्युटोरियल लिहिणारा आपल्या मशीनवर काय झालं तेवढं लिहितो आणि वाचणारा दुसऱ्या घराण्यातला असला की बसला बोंबलत. यूएसआर-लोकल हा डिफॉल्ट चुकीचा होता असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही, डिस्ट्रोच्या घरात घुसण्यापेक्षा ते कधीही बरं. ठेवायचा नियम लिहिताना शोधायचा नियम पण त्याच कागदावर लिहायला हवा होता.

आपल्याकडे याचा खरा चटका फ्रीटाइपमध्ये बसला. स्क्रीनवर फॉन्टची अक्षरं काढणारी ही लायब्ररी. ट्रूटाइप फॉन्टमध्ये अक्षर लहान साइझला नीट बसावं म्हणून सूचना लिहिलेल्या असतात, त्या वाचायच्या पद्धतीवर एका मोठ्या अमेरिकन कंपनीची पेटंटं होती, म्हणून फ्रीटाइपमध्ये तो भाग असूनही बंद करून ठेवलेला. लिनक्सवर अक्षरं फुसकट दिसायची. इलाज सोर्समध्येच होता, एफटीऑप्शन डॉट एच या फाइलीत बाइटकोड इंटरप्रिटरच्या एका ओळीवरची कॉमेंट काढायची आणि लायब्ररी परत बिल्ड करायची. ज्यांनी आयुष्यात सी चा प्रोग्रॅम प्रॅक्टिकलपलीकडे लिहिला नाही अशांनी पण हे केलंय, सोर्सवरून केलेली पहिली लायब्ररी म्हणून त्या पिढीतले बरेच जण फ्रीटाइपच सांगतात. आणि मग व्हायचं काय, की लायब्ररी-फ्रीटाइप डॉट एसओ डॉट 6 या एकाच नावाच्या दोन प्रती मशीनवर, एक यूएसआर-लिबमध्ये एक यूएसआर-लोकल-लिबमध्ये. यूएसआर-लोकल आधी बघणारं मशीन असलं तर डिस्ट्रोकडून सिक्युरिटी अपडेट येऊन जायचं, यूएसआर-लिबमधली प्रत सुधारायची, प्रोग्रॅम मात्र तुमची जुनी भोकाची प्रतच उचलत राहायचे आणि कोणाला पत्ता नाही. काढायची म्हटलं तर मेक अनइन्स्टॉल लागतं, त्याला तोच बिल्डचा फोल्डर लागतो, आणि तो जागा कमी पडली म्हणून केव्हाच उडवलेला. मे 2010 मध्ये पेटंटं संपली, जुलैतल्या फ्रीटाइप 2.4 मध्ये तो भाग आपोआप चालू झाला, पण जुन्या पोस्टी वाचून पुढेही लोक बिल्ड करतच होते!

त्या काळात खान्देशात बिल्ड करणं म्हणजे लोडशेडिंगचा टाइमटेबल बघून बसणं. मेक फाइलींच्या वेळा बघतं, सोर्सपेक्षा त्यावरून कंपायलरने बनवलेली ऑब्जेक्ट फाइल नवी असली की झालंय समजून पुढे जातं, म्हणून लाइट गेली तरी परत मेक मारलं की उरलेलंच काम होतं, असं पुस्तकात. प्रत्यक्षात लाइट जाताना जी ऑब्जेक्ट फाइल अर्धवट लिहिली गेली तिची वेळ नवी असते, मेकला ती पूर्ण वाटते, आणि बोंब होते शेवटी सगळे तुकडे जोडणाऱ्या लिंकरपाशी, 'फाइल ट्रंकेटेड'. 'काय व्हयनं भो' म्हणत पोरगं सोर्समध्ये चूक शोधत बसतं, करायचं काय तर ती एक फाइल डिलीट करायची. त्यात मदरबोर्डवरचा सेल उतरलेला असला तर लाइट आल्यावर घड्याळ कुठल्यातरी जुन्या सालात, मग मेक म्हणणार सोर्स फाइली भविष्यातल्या आहेत, 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड', आणि केलेलंच परत करत बसणार. भुसावळच्या मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की कंपायलर मध्येच सिग्नल 11 (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याची खूण) देऊन मरायचा, दर वेळी वेगळ्या फाइलीवर. दर वेळी जागा बदलते म्हणजे कोड ठीक आहे, रॅम नाहीतर तापलेला प्रोसेसर बघा, हे निदान जगभरात नव्वदच्या दशकापासून माहीत होतं. इकडे उपाय एकच, रात्री बिल्ड लावा आणि कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन समोर ठेवा.

नंतर ब्रॉडबँड आलं, एपीटी आणि यम या डिस्ट्रोची पॅकेजेस आणणाऱ्या कमांडवरून सगळं तयार मिळायला लागलं, सीमेक, मेसन अशी बिल्डची दुसरी साधनं आली, आणि सोर्सवरून बिल्ड करणं हा शेवटचा उपाय झाला. भांडण मिटलं नाही, पायथनमध्ये सरकलं. सुडो लावून, म्हणजे मशीनमालकाच्या अधिकारात, पायथनची पॅकेजेस आणणारं पिप चालवलं की डेबियन घराण्यात पॅकेज यूएसआर-लोकलमध्येच पडायचं आणि एपीटीने आणलेल्याला झाकायचं, फ्रीटाइपचाच खेळ. शेवटी 2023 च्या डेबियन 12 मध्ये पिपला दारातच अडवलं, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून, व्हर्च्युअल एन्व्ह (पॅकेजेससाठी वेगळा फोल्डर) करा नाहीतर ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस असा फ्लॅग स्वतःच्या हाताने लिहा. पोरं तो फ्लॅगच लिहितात, ते सोडा. यूएसआर-लोकल मशीनवाल्याचं होतं ना, मग तिथे टाकायला परवानगी कसली, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि मला तो अजून बिनतोड वाटतो.

आणि मार्च 2024 मध्ये एक्सझेडचं प्रकरण. डेटा कॉम्प्रेस करणारी ही लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्सवर. तिच्या 5.6.0 आणि 5.6.1 च्या टारबॉलमध्ये चोरून आत शिरायचं मागचं दार सापडलं. ते चालू करणारी ओळ गिटमधल्या, म्हणजे बदलांच्या उघड्या नोंदीतल्या, सोर्समध्ये नव्हती, फक्त टारबॉलमधल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये होती, म्हणजे ऑटोकॉन्फच्या ज्या जंगलात कोणी कधी डोकावत नाही तिथे. लांबून मशीनमध्ये शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय म्हणून एकाने खोदलं तेव्हा सापडलं. ती स्क्रिप्ट आधी बघायची की इथे डेबियनचं नाहीतर आरपीएमचं (रेडहॅट घराण्याचं) पॅकेज बनतंय का, तसं नसलं तर गप्प राहायची. 'सोर्सवरून स्वतः करू नका, डिस्ट्रोचं तयार घ्या, ते सुरक्षित' असं वीस वर्षं ऐकवलं गेलं, आणि इथे टारबॉल उतरवून साधं कॉन्फिगर-मेक करणारा सुटत होता. तेव्हापासून टारबॉल सोडून थेट गिटवरून बिल्ड करा असा आग्रह वाढलाय. त्यात गिटमध्ये कॉन्फिगर स्क्रिप्ट बहुतेक वेळा नसतेच, ती ऑटोरीकॉन्फने आपण बनवायची, आणि लॅबमधल्या जुन्या उबुंटूवरचं ऑटोकॉन्फ सोर्सला हव्या त्या व्हर्जनचं नसलं की पहिल्याच ओळीला अडतं. मग ऑटोकॉन्फच सोर्सवरून बिल्ड करा. ते जातं यूएसआर-लोकलमध्ये.